चार अक्षरांचे दगड आणि अठरा पौंडांची फेरी

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला दगडाचे वावडे नसते. गेल्या सप्टेंबरात मुलीकडे एडिंबरोजवळ मुक्कामाला असताना एका स्थानिक मंडळींच्या पायी फेरीची जाहिरात वाचनात आली. शहरातल्या जुन्या कर्कयार्डांतील, म्हणजे चर्चच्या आवारातल्या दफनभूमींतील, ज्या थडग्यांवर दोन-चार अक्षरांपलीकडे काहीही कोरलेले नाही, त्यांचे ‘रहस्य’ दोन तासांत उलगडून दाखवू, असे तिच्यात म्हटले होते. माणशी अठरा पौंड, एका वेळी बाराच माणसे आणि शेवटी खुणांचा अर्थ सांगणारा एक छापील तक्ता. मी पैसे भरले तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, सुट्टीतसुद्धा दगडच मोजायला जाणार का?” तिचे म्हणणे पुढे अगदी शब्दशः खरे ठरले, म्हणून ते येथे नोंदवून ठेवतो.

आधी गैरसोय सांगून टाकतो. भेटण्याची जागा कळवणाऱ्या संदेशात केवळ ‘चर्चच्या दाराशी’ एवढेच लिहिले होते. ग्रेफ्रायर्स चर्चला एकाहून अधिक दारे आहेत आणि आवाराला स्वतःचे फाटक वेगळे. त्यामुळे बारापैकी पाच जण एका दाराशी, चौघे बाहेरच्या प्रसिद्ध कुत्र्याच्या पुतळ्यापाशी आणि आम्ही उरलेले तिघे फाटकात, असे भुरभुर पावसात ताटकळत राहिलो. पंधरा-वीस मिनिटे यातच गेली आणि ती शेवटी भरून दिली गेली नाहीत. बारा माणसांना नेमकी जागा सांगण्यासाठी दोन ओळी पुरल्या असत्या.

ग्रेफ्रायर्सची दफनभूमी १५६२ सालची. फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाची जागा स्कॉटलंडची राणी मेरी हिने शहराला दफनासाठी दिली, चर्च त्यानंतर कित्येक वर्षांनी उभे राहिले. शतकानुशतके माणसे पुरत गेल्यामुळे आतली जमीन वर आलेली आहे, आणि हे ऐकीव नसून डोळ्यांना दिसते. काही जुन्या दगडांचा खालचा भाग मातीत गेलेला आहे, आणि कोरलेल्या ओळीचा वरचा अर्धा भाग गवताच्या पात्यांमधून डोकावतो. ज्यांना आपण ‘कमी मजकुराचे दगड’ म्हणतो त्यांतल्या काहींचा मजकूर कमी नाही, तो गाडला गेला आहे, ही पहिली गोष्ट मार्गदर्शक बाईंनी उकिडवे बसून दाखवली, आणि तिथेच माझे निम्मे पैसे वसूल झाले असे मला वाटले.

त्याआधीची वीस मिनिटे मात्र कुत्र्यावर आणि जादूगारावर गेली. एका जगप्रसिद्ध कथामालेतल्या खलपात्राचे नाव इथल्या एका थडग्यावरून सुचले अशी समजूत असल्यामुळे तिथे फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. व्यवसाय म्हणून बाईंना तिथे थांबणे भाग असेल, हे मी समजू शकतो. कुत्र्याच्या गोष्टीतून मात्र एक कामाचा मुद्दा निघाला. मेलेल्या मालकाच्या थडग्यापाशी वर्षानुवर्षे बसून राहिल्याची जी आख्यायिका आहे, त्या बॉबी या कुत्र्याचा मालक जॉन ग्रे १८५८ साली वारला. आज त्याच्या थडग्यावर जो दगड आहे तो त्याच्या घरच्यांनी बसवलेला नाही, तर बॉबीच्या अमेरिकी चाहत्यांनी बसवला आहे, आणि तसे त्या दगडावरच लिहिले आहे. दगडावरची अक्षरे मृत्यूच्याच काळातली असतात, हे आपण उगाच गृहीत धरतो.

आता मुख्य विषयाकडे येतो. स्कॉटलंडच्या जुन्या कर्कयार्डांत सतराव्या-अठराव्या शतकातले असे असंख्य दगड आहेत की ज्यांवर दोन अक्षरे, खाली आणखी दोन अक्षरे आणि एक साल, एवढेच असते. ना पूर्ण नाव, ना वय, ना मृत्यूची तारीख. आजच्या माणसाला यात काहीतरी लपवल्याचा भास होतो, आणि जाहिरातीतला ‘रहस्य’ हा शब्द त्या भासावरच उभा आहे. प्रत्यक्षात बाईंनी जे सांगितले ते माझ्या खात्याच्या माणसाला पहिल्या वाक्यातच उमगले. तिकडे थडग्याच्या जागेला ‘लेअर’ म्हणतात. लेअर कुटुंबाची असते. एकाच लेअरमध्ये पिढ्यान् पिढ्या माणसे एकावर एक पुरली जातात, आणि दगड बसवला जातो तो पुष्कळदा ‘इथे अमुक झोपला आहे’ हे सांगण्यासाठी नव्हे, तर ‘ही जागा अमुक कुटुंबाची आहे, येथे दुसऱ्या कोणी खणू नये’ हे सांगण्यासाठी. ज्या दगडांवर सविस्तर मजकूर आहे त्यांच्यापैकी अनेकांची सुरुवातही ‘ही अमक्याची दफनाची जागा’ अशीच होते. म्हणजे हा मृत्युलेख नसून हद्दीची निशाणी आहे. शेताच्या बांधावर पुरलेल्या दगडावर आपण मालकाचे चरित्र कोरत नाही, कारण गावाला मालक ठाऊक असतो. चारशे वस्तीच्या गावात ‘जे. बी.’ म्हणजे कोण, हे सांगावे लागत नव्हते. सांगावे लागेल असे वाचक तीनशे वर्षांनी विमानाने येतील, याची कल्पना त्या पाथरवटाला कुठून असणार?

मालकीखुणेचा हा मुद्दा पक्का करणारी एक गोष्ट बाईंनी फार ओझरती सांगितली, ती मी येथे जरा सावकाश सांगतो. स्कॉटलंडच्या जुन्या घरांच्या दारावर, आपल्या वाड्यांत जिथे गणेशपट्टी असते नेमक्या त्या जागी, नवराबायकोच्या नावांची आद्याक्षरे आणि साल कोरण्याची पद्धत होती. तीच चार अक्षरे, तीच मांडणी, पुष्कळदा सालाचे दोन आकडे डावीकडे आणि दोन उजवीकडे. घराच्या दारावर तो मजकूर आपल्याला मुळीच गूढ वाटत नाही. घर कोणाचे ते त्यावरून कळते, एवढेच. तोच मजकूर कर्कयार्डात दिसला की आपल्या अंगावर काटा येतो. दारावरचा दगड आणि थडग्यावरचा दगड शेजारी शेजारी दाखवणारी दोन छायाचित्रे बाईंनी बरोबर ठेवली असती, तर निम्मे बोलणे वाचले असते.

चार अक्षरांत दोन आडनावे कशी येतात, हा भाग मराठी वाचकाला विशेष रोचक वाटेल. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, आणि काही घरांत पहिले नावही बदलते. जुन्या स्कॉटलंडमध्ये लग्न झालेल्या बाईचे माहेरचे आडनाव कागदोपत्री कायम राहत असे, आणि दगडावरही तेच येई. त्यामुळे वर ‘आय. बी.’ आणि खाली ‘एम. के.’ अशी अक्षरे असली तर ती दोन परक्या माणसांची नसून एका जोडप्याची असण्याचीच शक्यता अधिक. त्यात आणखी एक मेख अशी की त्या काळी ‘जे’ हे अक्षर पुष्कळदा ‘आय’सारखेच कोरत, म्हणून ‘आय’ म्हणजे जॉन, जेम्स किंवा जॅनेटही असू शकते. आमच्यातल्या एका गृहस्थांना ही गोष्ट पटेना. बाईंनी त्यांच्याशी वाद न घालता त्यांना जवळच्याच एका दगडापाशी नेले, जिथे पूर्ण नाव कोरलेले होते, आणि ‘जॉन’ची सुरुवात ‘आय’ने झालेली बोटाने दाखवली. शिकवण्याची ही रीत मला फार आवडली.

बाईंच्या पिशवीत एक हातभर लांबीचा साधा आरसा आणि एक विजेरी होती. ज्या दगडावर काहीच नाही असे आम्ही सर्वांनी एकमुखाने ठरवले होते, त्याच्या कडेला त्यांनी विजेरी अशी धरली की उजेड पृष्ठभागावरून घासत जावा. क्षणभर केवळ खडबडीतपणा दिसला. मग उजेड थोडा वर-खाली होताच एक वाळूचे घड्याळ, त्याखाली दोन आडवी हाडे आणि उजव्या कोपऱ्यात सातसारखा एक आकडा उमटला, आणि हात हलताच पुन्हा नाहीसा झाला. दगड वालुकाश्माचा होता. वालुकाश्म थरांनी बनतो, दगड उभा बसवला की पाणी थरांत शिरते, गोठते, आणि पापुद्रा सुटतो. कोरीव अक्षर पाव इंच खोल असले तरी पापुद्रा गेला की अक्षर गेले. दगडाच्या डोक्यावर राखाडी दगडफूल गोल गोल पसरले होते. गोड्या मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीतले. ते खरवडू नये, तारेचा ब्रश लावू नये, खडू किंवा पीठ चोळू नये, असे बाईंनी बजावून सांगितले, आणि बारापैकी एकाने खिशातून काढलेला खडू गुपचूप परत ठेवला. तो मी नव्हतो.

चित्रांच्या बाबतीत फेरी सर्वांत भरीव होती. ज्याला अक्षरे परवडत नव्हती किंवा नको होती, त्याचा दगड चित्रांनी बोलतो: मुकुट घातलेली हातोडी लोहारांच्या मंडळीची, कात्री आणि इस्त्री शिंप्याची, धोटा कोष्ट्याचा, लांब दांड्याचे फळकूट पाववाल्याचे, नांगराचा फाळ शेतकऱ्याचा. पंख असलेला चेहरा म्हणजे देह सोडून जाणारा आत्मा. व्यापाऱ्यांच्या काही दगडांवर चाराच्या आकड्यासारखी दिसणारी खूण असते. ती मालाच्या गाठोड्यांवर मारायची व्यापारी निशाणी, तीच मेल्यानंतरही त्या माणसाची सही झाली. आणि एक सूचना मी येथे जोडतो, जी बाईंच्या बोलण्यात आली पण तक्त्यावर नाही: दगडाच्या मागे जाऊन पाहावे. अठराव्या शतकातल्या कितीतरी दगडांना दोन तोंडे असतात, एकीकडे अक्षरे आणि दुसरीकडे चित्रे. पायवाटेवरून एकच तोंड दिसते, आणि माणसे ‘काहीच लिहिलेले नाही’ म्हणत पुढे जातात.

एका ठिकाणी मात्र बाई घसरल्या. प्रेते चोरणाऱ्या टोळ्यांपासून लपण्यासाठी लोक थडग्यावर पूर्ण नाव घालत नसत, असे त्यांनी रंगवून सांगितले, आणि लगेच ग्रेफ्रायर्समधले लोखंडी पिंजरे दाखवले. पिंजरे खरे आहेत, आणि शरीरशास्त्राच्या शिक्षणासाठी ताजी प्रेते विकण्याचा धंदाही खरा होता. १८३२च्या कायद्याने वैद्यकीय शिक्षणाला प्रेते रीतसर मिळू लागल्यावर तो बसला. पण चोराला हवे असते ताजे प्रेत, आणि ते तो दगड वाचून नव्हे, माती पाहून शोधतो. कालच खणलेली जमीन अंधारातही कळते. नाव लपवून प्रेत वाचत नाही. मी ही शंका नम्रपणे काढली तेव्हा बाई हसून म्हणाल्या की पाहुण्यांना ही गोष्ट आवडते. उत्तर प्रामाणिक होते, पण जी फेरी स्वतःला अभ्यासू म्हणवते तिच्यात असली भर खपवून घेऊ नये.

अक्षरे का कमी, याची उरलेली कारणे त्यांनी धावत्या वेगाने सांगितली, आणि हीच या फेरीची सर्वांत मोठी उणीव आहे. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चला मृतासाठी विधी आणि प्रार्थना नकोशा होत्या. १६४५च्या उपासना-नियमांत तर प्रेत कोणत्याही विधीशिवाय पुरावे असेच सांगितले आहे. अशा वातावरणात लांबलचक स्तुतिलेख शोभणारा नव्हता, जरी पैसेवाल्यांनी ग्रेफ्रायर्सच्या भिंतींवर तो थाटामाटाने कोरून घेतलाच. गरिबाला दगडच नसे. त्याच्या वाट्याला काय येई, तर प्रेतावर पांघरायचे चर्चच्या मालकीचे वस्त्र, ज्याला ‘मॉर्टक्लॉथ’ म्हणत. ते भाड्याने मिळे, भाड्याची रक्कम गरिबांच्या निधीत जाई, आणि तिची नोंद हाच कित्येकांच्या मृत्यूचा एकमेव लेखी पुरावा उरतो. डोंगराळ उत्तरेकडे आणि बेटांवर शेतातला किंवा किनाऱ्यावरचा बिनकोरीव धोंडा डोक्याशी उभा करीत. बाईंनी मॉर्टक्लॉथला एक वाक्य दिले. कुत्र्याला त्यांनी दहा मिनिटे दिली होती.

दगड नसणे हे केवळ गरिबीचे लक्षण नव्हे, याचे उदाहरण मात्र त्यांनी अचूक निवडले. ग्रेफ्रायर्सच्या एका भागाला कुलूप असते. १६७९ साली बॉथवेल ब्रिजच्या लढाईनंतर सुमारे १,२०० बंडखोर कव्हेनंटर, म्हणजे चर्चवर राजाची सत्ता न मानणाऱ्या प्रेस्बिटेरियन, कैद्यांना ज्या मोकळ्या जागेत उघड्यावर ठेवले होते, त्या जागेचा हा एक भाग. त्याच्या फाटकापाशी उभे राहून बाईंनी सांगितले की आधुनिक भूगर्भशास्त्राचा जनक मानला जाणारा जेम्स हटन १७९७ साली आत पुरला गेला, आणि त्याच्या जागेवर १९४७ पर्यंत त्याच्या नावाची खूणदेखील नव्हती. दगडाचे वय किती अफाट असते हे ज्याने जगाला पटवले, त्याला स्वतःचा दगड मिळायला दीडशे वर्षे लागली. यावर कोणी काही बोलले नाही, आणि बाईंनीही भाष्य केले नाही, हे बरे केले.

तिथून कॅननगेटच्या कर्कयार्डापर्यंत सुमारे पंधरा मिनिटांची चाल आहे. उतार आहे, रस्ता दगडी आहे, आणि पावसात तो निसरडा होतो. गुडघे कुरकुरत असतील तर आधीच विचार करावा. जाहिरातीत याचा उल्लेख नाही. कॅननगेटला अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचे थडगे आहे, पण आम्ही थांबलो रॉबर्ट फर्ग्युसन या कवीपाशी. तो १७७४ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी वेड्यांच्या इस्पितळात वारला आणि बिनखुणेच्या थडग्यात गेला. १७८७ साली स्कॉटलंडचा विख्यात कवी रॉबर्ट बर्न्सने चर्चच्या व्यवस्थापकांची परवानगी काढून स्वखर्चाने दगड करायला दिला. कारागिराने तो उभारायला दोन वर्षे लावली, म्हणून बर्न्सनेही त्याचे साडेपाच पौंड चुकते करायला दोन वर्षे लावली, असे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. एवढ्या आस्थेने घातलेल्या दगडावर फर्ग्युसनचे जन्मसाल १७५० ऐवजी १७५१ पडले आहे. कोरलेले अक्षर म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही मोजणीवाले नेहमीच म्हणत आलो. त्याच आवारात घोडागाडीवानांच्या संघाचा एक दगड आहे, वर गाडी-घोडे कोरलेला. एका दगडावर एका धंद्याची जागा. आत कोण कोण आहे ते दगड सांगत नाही. येथे पोहोचेपर्यंत घड्याळात दोन तास पूर्ण झाले आणि प्रश्नांना वेळ उरला नाही.

कोणत्याही वस्तूचा अभिप्राय ती वापरल्याशिवाय देऊ नये. म्हणून पुढच्या आठवड्यात तो छापील तक्ता घेऊन मी ईस्ट लोदियनमधल्या, मुलीच्या घरापासून चालत जाण्याजोग्या एका खेड्याच्या कर्कयार्डात गेलो. तक्ता जाड कागदाचा, प्लास्टिकने मढवलेला, पावसात टिकला. चित्रे स्पष्ट आहेत, अक्षर मात्र इतके बारीक की चष्म्यावर भिंग धरावे लागले. भिंतीलगत गुडघ्याएवढा एक दगड मिळाला: वर ‘आय. बी.’, खाली ‘एम. के.’, आणि १७ व ३१ हे आकडे दोन बाजूंना. मधे एक टोकदार आकृती होती, जिला मी आधी तलवार समजलो. तक्त्यावरून कळले की तो नांगराचा फाळ, आणि शेजारी जमीन कापणारे पाते. मागे जाऊन पाहिले तर कवटी आणि वाळूचे घड्याळ. म्हणजे शेतकरी जोडपे, १७३१ साली लेअर निश्चित केलेली. एवढे वाचन तक्त्याच्या जोरावर पाऊण तासात झाले, आणि तेवढ्यापुरता तो अठरा पौंडांना पुरून उरतो.

पुढे मात्र तक्ता आणि फेरी दोन्ही हात वर करतात. नावे शोधायची कुठे, याबद्दल एक अक्षर नाही. स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीची भिस्त चर्चच्या नोंदवह्यांवर, ज्यांत बाप्तिस्मे बऱ्यापैकी आहेत आणि दफने फारच विरळ. १७८३ साली तर प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला आणि १७९४ पर्यंत तो टिकला. पैसे देऊन नोंद करायला किती लोक पुढे आले असतील ते उघड आहे. या वह्या स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. शिवाय १८५५ पूर्वीच्या थडग्यांवरच्या मजकुरांच्या गावोगावच्या याद्या स्कॉटिश जीनिऑलॉजी सोसायटीने प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्या संस्थेचे ग्रंथालय ग्रेफ्रायर्सपासून पाचएक मिनिटांवर, व्हिक्टोरिया टेरेसला आहे. फेरी तिथे संपवली असती तर कॅननगेटचा उतारही वाचला असता आणि पाहुण्यांच्या हाती पुढचे कामही पडले असते. आज जो दगड वाचता येत नाही तो पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी वाचून ठेवलेला असू शकतो, हे सांगितल्यावाचून माणसांना कर्कयार्डातून घरी पाठवू नये.

एकंदरीत, पाचपैकी साडेतीन तारे. आरसा, विजेरी आणि ‘आय’चा धडा यांचे तीन, तक्त्याचा अर्धा. प्रेतचोरांच्या गोष्टीने आणि पावसातल्या वीस मिनिटांनी उरलेला दीड खाल्ला. भुताखेतांच्या अपेक्षेने जाणाऱ्यांनी संध्याकाळच्या दुसऱ्या फेऱ्या धराव्यात. शहरात त्या भरपूर आहेत. लहान मुलांना नेऊ नये, ती कुत्र्यानंतर कंटाळतात. बूट पाण्याचे हवेत, आणि विजेरी स्वतःची न्यावी, कारण बाईंची एकच असते आणि बारा माणसे तिच्याभोवती दाटी करतात.

माझ्या ‘आय. बी.’ आणि ‘एम. के.’चे काय झाले, असे मुलगी अजून फोनवर विचारते. त्या गावच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत ‘बी’ आडनावाचे जॉन आणि जेम्स ढिगाने आहेत, कारण मुलाला आजोबाचे नाव ठेवायची रीत तिकडेही होती. आईचे माहेरचे आडनाव नोंदीत असते, म्हणून मी ‘के’च्या मागे लागलो आहे. वहीच्या लिपीचे वळण सुरुवातीला मोडीइतके परके वाटले, पण मोडीही एके काळी अशीच वाटली होती. रोज रात्री जेवणानंतर दोन पाने होतात. १७२४ पर्यंत आलो आहे. एक मार्गारेट मिळाली होती, पण तिचे आडनाव ‘एच’ निघाले.